घरी लाकडी खिडकी करताना: आषाढातलं पाणी, सागवानाची फूग आणि काचेची लांबी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जुनं घर आहे. पश्चिमेच्या खोलीतली खिडकी कुजली म्हणून ४ फूट × साडेतीन फूट मापाची दोन झडपांची खिडकी स्वतःच करायची आहे. आजोबांच्या वेळच्या सागवानी तुळया माळ्यावर पडून आहेत. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका खिडकीला काच बसवून पांढरी पुट्टी लावली होती. जुलैत ती पुट्टी गळून पडली आणि एका काचेला कोपऱ्यातून तडा गेला. लाकूड कुठलं वापरू, काच कशी बसवू, आणि माझं चुकलं कुठं?

चुकलं कुठं ते आधी सांगतो, कारण नव्या खिडकीचं निम्मं काम त्यातच आहे.

तुम्ही लावलेली पांढरी पुट्टी भिंतीची होती. ती पांढऱ्या सिमेंटची असते, वाळली की दगडासारखी कडक होते. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि काच जागची हलत नाही. त्या दोघांच्या मध्ये कडक सिमेंट बसवलं तर ते तडकणारच. काचेला लागते ती लांबी नावाची तेलातली मऊ पुट्टी. खडूची भुकटी आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मळून ती करतात. दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हटलं की हल्ली भिंतीचीच पिशवी हातात पडते, त्यामुळे ही चूक पुष्कळांची होते.

तडा गेला त्याचं कारण वेगळं. काच बहुतेक खाचेच्या मापाला तंतोतंत कापलेली असणार. जुलैत झडप फुगून चौकटीत घट्ट बसली, कुणीतरी ती जोरानं दाबून लावली, झडप किंचित तिरकी झाली आणि लाकडानं काचेचा कोपरा दाबला. काचेला असं कडेनं आणि एकाच बिंदूवर दाबलेलं सोसत नाही. चारी बाजूंनी दीड ते दोन मिमी मोकळीक असती तर हे झालं नसतं.

मी ३० वर्षं हेच काम करतो. सुरुवातीच्या काळात एका घरच्या आठ झडपा मी मे महिन्यात अगदी घट्ट, देखण्या बसवून दिल्या होत्या. घरमालक खूश झाले. आषाढात आठही अडकल्या. मग मी त्या रंधून मोकळ्या केल्या, आणि माघात त्याच झडपांतून पलीकडचा उजेड दिसायला लागला. ते लाकूड वाया गेलं, आणि त्या माणसाचा विश्वासही. तेव्हापासून मी हिशेब मांडून फट ठेवतो. तो हिशेब तुम्हीही समजून घ्या.

लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, फुगतं ते रुंदीत. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत साधारण ५ ते ६ टक्के आकसतं. फळी गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं चिरलेली असेल तर त्याच्या निम्मं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकडात १० टक्क्यांच्या आसपास ओल असते, ती आषाढात १५ टक्क्यांवर जाते. या पाच टक्क्यांच्या फरकानं ३ इंच रुंदीची पट्टी साधारण पाऊण मिमी फुगते. दोन झडपांच्या खिडकीत आडवं मोजत गेलात तर उभ्या पट्ट्या चार येतात. म्हणजे ३ मिमी, सुतारी मापात एक सूत. चौकटीच्या उभ्या बाजू फुगतात ते वेगळं. म्हणून उन्हाळ्यात झडपा बसवताना दोन्ही कडांना आणि मधल्या जोडाला दोन-दोन मिमी फट ठेवायची. माप सोपं आहे: हॅक्सॉची तीन पाती एकावर एक धरा, दातांची बाजू सोडून पाठीची बाजू फटीत सरकवा. ती सहज गेली पाहिजेत. खाली ३ मिमी ठेवा, कारण तिथं पाणीही थांबतं आणि कचराही.

जुनं लाकूड ‘मेलेलं’ असतं, ते आता हलत नाही, असं पुष्कळ जण सांगतील. ते खरं नाही. तुमच्या आजोबांच्या तुळयाही पावसात फुगणारच. मात्र जुन्या लाकडाचा पीळ आणि वाक जे काही निघायचं ते निघून गेलेलं असतं, त्यामुळे त्यातून काढलेली पट्टी सरळ राहते. हा फायदा मोठा आहे. माळ्यावर ते सागवान असताना बाजारातून काही आणू नका.

तुळया चिरायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला तरी सॉ मिलवाल्याचं पातं जातं आणि पुढच्या वेळी तो तुमचं जुनं लाकूड घेत नाही. टोकांना वाळवी किंवा भुंग्याची भोकं आहेत का ते बघा. पट्ट्या काढताना बाहेरचा फिकट, पिवळसर भाग टाकून द्या आणि तपकिरी गाभाच घ्या. किडा आधी त्या फिकट भागातच शिरतो, मग ते सागवान कितीही महागाचं असो.

ज्यांच्याकडे जुनं लाकूड नाही त्यांनी टिंबर मार्केटातल्या वखारीत जाऊन सागवान घ्यावं. परवडत नसेल तर चौकटीला नाणा किंवा किंजळ चालतं. झडपांना मात्र सागवानच घ्या. झडप उघड्यावर हलती असते, बिजागरीवर लटकते, तिला न पिळणारं लाकूड लागतं. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण पश्चिमेच्या खिडकीला ती कुजते आणि किडतेही. तिच्यावर मेहनत करू नका.

किती लागेल? चौकटीला ४ × अडीच इंची लाकूड, एकूण १५ फूट, म्हणजे एक घनफुटाला किंचित जास्त. झडपांना ३ × दीड इंची पट्ट्या मिळून २० फूट, म्हणजे पाऊण घनफुटाच्या आत. खालची आडवी पट्टी ४ इंची घ्यायची आहे. रंधण्यात आणि कापण्यात पाचवा हिस्सा जातो. सव्वादोन घनफूट हाताशी ठेवा.

आता पाणी. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या मानानं तो काहीच नाही. पण आपला पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो आणि चार-चार दिवस उघडीप देत नाही. पूर्वेची खिडकी ४० वर्षं टिकते आणि त्याच घरातली पश्चिमेची दहा वर्षांत कुजते, हे मी किती घरांत पाहिलंय त्याला गणती नाही. आणि कुजते ती नेहमी खालून. वरची पट्टी नवी असल्यासारखी असते, खालच्या पट्टीत पटाशी सहज घुसते.

म्हणून तुमचं सगळं लक्ष खिडकीच्या खालच्या सहा इंचांत असू द्या. चौकटीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. ४ इंचांत अर्धा इंच पुरे. झडपेच्या खालच्या पट्टीला तळाशी, बाहेरच्या कडेपासून ३ सूत आत, २ सूत रुंद आणि तेवढीच खोल खाच पूर्ण लांबीभर पाडा. पाणी लाकडाच्या तळाला चिकटून आत सरकत येतं, ते या खाचेपाशी तुटून खाली टपकतं. चौकटीच्या खालच्या लाकडाच्या बाहेर आलेल्या कडेखालीही तशीच खाच हवी. दोन खाचा पाडायला तासभर लागतो आणि खिडकीचं आयुष्य दुप्पट होतं. सुतार घाईत असला की हीच खाच पहिली गाळतो.

झडपा बाहेर उघडणाऱ्या करा. वारा आला की तो झडप चौकटीवर दाबून धरतो. आत उघडणारी झडप वाऱ्यानं आत ढकलली जाते आणि फटीतून पाणी येतं. जुन्या वाड्यांत झडपा आत उघडतात हे खरं, पण त्या खिडक्यांना दोन-दोन फूट जाडीच्या भिंतीचा आडोसा असतो. तुमचे गज किंवा ग्रील मग आतल्या बाजूला येईल. झडप उघडी ठेवायला मजबूत आकडा लावा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात आपटून पहिल्याच दिवशी काच जाईल.

सांधा कुसवाचाच करा, म्हणजे एका पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ (कुसू) दुसरीच्या भोकात बसवून. स्क्रू मारून किंवा पत्र्याचे कोन लावून जोडलेली झडप दोन वर्षांत खाली झुकते. कुसू लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश, आरपार काढलेलं, आणि बाहेरून दोन पाचरी मारलेलं. नवशिक्याची ठरलेली चूक इथं होते. काचेसाठी उभ्या पट्टीच्या कडेला ३ सुतांची खाच पाडली की आडवी पट्टी बाहेरच्या बाजूनं तेवढी तोकडी पडते. म्हणून आडव्या पट्टीच्या कुसवाचा बाहेरचा खांदा आतल्या खांद्यापेक्षा ३ सूत लांब ठेवावा लागतो. चांगल्या लाकडाला हात घालण्याआधी टाकाऊ तुकड्यावर हा एक सांधा करून बघा. एकदा हातानं केला की आयुष्यभर विसरणार नाही.

सागवान तेलकट असतं. डिंक लावण्याआधी कुसू आणि भोक थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, आणि डिंक पाण्याला टिकणारा घ्या. सांध्यातून बांबूची खुंटीही मारा. कुसवातलं भोक खांद्याच्या बाजूला अर्धा सूत सरकवून पाडलं की खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो. मग शिकंजा नसला तरी चालतं. जोडल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की झडप गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. डिंक ओला आहे तोवरच दुरुस्ती होते.

लाकडाचं उघडं टोक, म्हणजे जिथं आडवा छेद दिसतो ते, स्पंजासारखं पाणी ओढतं. झडप जोडण्याआधी डिंक लागणार नाही अशी सगळी टोकं प्रायमरनं किंवा बेलतेलानं माखून घ्या. झडप उभी राहिल्यावर खालची टोकं दिसतही नाहीत, तिथं ब्रश पोचतही नाही, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू ब्लॅक जपाननं, म्हणजे काळ्या डांबरी रंगानं, दोनदा रंगवा. चौकट भिंतीत बसवताना ओळंबा आणि पाणसळ लावून दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) द्या. झडपा लटकवण्याचं काम गिलावा पूर्ण वाळल्यावरच.

आता काच. एका झडपेला साधारण १७ × ३२ इंचांची, म्हणजे पावणेचार चौरस फूट काच लागेल. ४ मिमी जाडीची घ्या. काचेचं वजन दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असतं. तुमच्या एका काचेचं वजन साडेतीन किलो भरेल, ते झडपेला पेलतं. खिडकी जमिनीलगत असेल आणि घरात लहान मुलं असतील तर टफन्ड काच घ्या. पण ती भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे झडप तयार झाल्यावर अचूक माप देऊनच सांगा.

माप घेताना खाचेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. सगळ्यांत कमी येईल त्यातून ३ ते ४ मिमी वजा करा. उंचीलाही तसंच. पहिल्या वेळी काच दुकानातूनच कापून आणा. घरी कापायचीच झाली तर कटरचं चाक रॉकेलात बुडवा, पट्टी घट्ट धरा आणि एकाच दाबानं, एकदाच रेघ ओढा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवलं की काच वाकडी फुटते आणि कटरही जातं. जुन्या खिडकीच्या काचा शाबूत असतील तर फेकू नका. त्यातून बघताना पलीकडची झाडं किंचित लहरत दिसतात, कारण ती काच आजच्या सपाट फ्लोट काचेच्या आधीच्या पद्धतीनं केलेली असते. ती परत मिळत नाही. आतल्या दाराच्या झरोक्याला तिचा छान उपयोग होतो.

लांबी घरीच करा. १ किलो चॉक पावडर चाळून घ्या आणि त्यात बेलतेल थोडं थोडं घालत मळा. २०० ग्रॅमच्या आसपास तेल लागेल, पण नक्की किती ते हातच सांगतो. चपातीच्या कणकेइतकी घट्ट झाली, बोटाला चिकटेना, आणि वळी करून वाकवल्यावर तडकली नाही की झाली. गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी परत मळा. जुने रंगारी यात सफेता किंवा शेंदूर घालायचे. दोन्हीत शिसं असतं, ते घालू नका. तुमच्या कुजलेल्या खिडकीचा जुना रंग खरवडताना याच कारणानं तो ओला करून खरवडा आणि तोंडाला मास्क बांधा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून पाळा. बेलतेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. सुतारकामाच्या जागी भोवती भुसा असतोच. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काच बसवण्याआधी खाचेला प्रायमरचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, मग लांबीचा भुगा होतो. नंतर खाचेत दोन-तीन मिमी लांबीची गादी अंथरा. खाली, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर, रबराचे दोन छोटे तुकडे ठेवा म्हणजे काच लाकडावर टेकणार नाही. काच गादीवर ठेवून कडांनी दाबत जा, मधोमध कधीही दाबू नका. आतल्या बाजूनं लांबी सारखी बाहेर आली पाहिजे. जिथं आली नाही तिथं पोकळी आहे आणि पावसाळ्यात पाणी तिथंच शिरणार. मग दर सहा-सात इंचांवर बिनडोक्याची बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, काचेला समांतर ठोका. पटाशीची सपाट बाजू काचेवर टेकवून तीच हातोडीसारखी घसरत मारली की काचेला धक्का बसत नाही. त्यावर बाहेरून लांबी भरून पात्यानं एका दमात उतरती ओढा. आतून बघितल्यावर लांबीची वरची कड लाकडाच्या कडेमागे लपली पाहिजे.

रंगाची घाई करू नका. आठ-दहा दिवसांत लांबीवर साय धरते, मग रंग द्या. रंगाचा ब्रश लांबीवरून पुढे काचेवर दोन मिमी जाऊ द्या. ती बारीक रेघ काच आणि लांबी यांच्यातली फट बंद करते. नेटका रंगारी ती रेघ पात्यानं खरवडून काढतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

लाकूड रंगवायचं नसेल, सागवानाला पॉलिश हवं असेल, तर लांबी शोभत नाही. तिथं लाकडी पट्टी लावा. मी तेव्हा खाच आतल्या बाजूला घेतो आणि काच आतून बसवून पट्टीही आतूनच मारतो, म्हणजे पावसासमोर अखंड लाकूड राहतं. काचेच्या दोन्ही अंगांना न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ थर द्या, पण पट्टीला डिंक लावू नका, नुसत्या चुका मारा. काच कधीतरी बदलावी लागणारच. सिलिकॉनवर रंग किंवा पॉलिश धरत नाही, म्हणून पॉलिश आधी. अशा झडपेत काचेखालचा एक रबरी तुकडा बिजागरीच्या बाजूला खाली आणि दुसरा तिरक्या कोपऱ्यात वर, असे घट्ट बसवले की काचच झडपेला तिरका आधार देते आणि झडप झुकत नाही.

बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेसच्या, ३ इंची, प्रत्येक झडपेला तीन. लोखंडी खिळा-स्क्रू ओल्या सागवानात काळा डाग पाडतो, तो मग निघत नाही. स्क्रूआधी बारीक भोक पाडाच, टोकाजवळ सागवान चिरतं.

कामाचा क्रम असा धरा: होळीच्या सुमारास तुळया चिरून पट्ट्या आठ-पंधरा दिवस त्याच खोलीत आडव्या रचून ठेवा, मध्ये काठ्या घालून. अक्षय तृतीयेपर्यंत चौकट भिंतीत आणि झडपा जोडून तयार. वळवाचा एखादा पाऊस येईल तेव्हा आत उभे राहून कुठून ओल येते ते खडूनं खूण करून ठेवा. रंगाचा शेवटचा हात मिरगाच्या आधी.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमचं घर पाण्यात गेलं असेल आणि त्या तुळया तेव्हा भिजल्या असतील, तर एक टोक करवतीनं इंचभर कापून आतला रंग बघा. आत काळपट, बोटानं भुगा होणारा थर निघाला तर तेवढा भाग चिरताना टाका. आत सोनेरी निघालं तर बिनधास्त वापरा. आणि चौकट कापण्याआधी भिंतीची जाडी मोजा. ती १५ इंचांहून जास्त असेल तर चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला न लावता दोन-तीन इंच आत घ्या, म्हणजे वरची भिंतच थोडा आडोसा देईल.